डबा उघडायचा नाही

आमच्या घरात मॅच चालू असताना जागा बदलायला बंदी आहे, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. मी पाणी प्यायला उठले आणि आपली विकेट पडली. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, माझ्याकडे असं बघितलं, जणू आउट मीच केलं होतं. सासूबाईंनी तर एक अख्खी फायनल स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काढली होती, कारण त्या तिथे आल्या आणि चौकार सुरू झाले.

त्यामुळे बाबा पुण्याहून आमच्याकडे जपानला, कोबेला आले आणि त्यांना बेसबॉल दाखवायचं ठरलं, तेव्हा मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "तू ने. मला नाही झेपणार तो ताप." पण त्याचं ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज ऐन वेळी लटकलं. एप्रिलमधल्या त्या शनिवारी दुपारी शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. सीझन नुकता कुठे सुरू झाला होता.

बाबांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला एक जपानी आजोबा. ऐंशीच्या पुढचे, संघाची टोपी धुऊन धुऊन रंग गेलेली, मांडीवर कापडात गाठ मारून बांधलेला डबा. बाबांच्या मांडीवरही डबा होता, त्यात मी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. दोघांनी एकमेकांचे डबे बघितले आणि तिथेच त्यांचं जमलं. मी दुभाषी.

आजोबा सांगत होते की सीझनच्या सुरुवातीचे सामने ते चुकवत नाहीत. "पुढे पावसाळ्यात हा संघ आम्हाला रडवतो. एप्रिलमध्ये मात्र काहीही होऊ शकतं." एका वर्षी पहिल्याच सामन्यात, भर चिखलात पोटावर घसरत आलेल्या खेळाडूने विजयाचा रन काढला, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने त्यांना मिठी मारली होती. हे सांगताना ते अजूनही लाजले. मग त्यांनी हळू आवाजात दुसरी गोष्ट सांगितली. ते तरुण असताना, अशाच एप्रिलमध्ये, याच मैदानावर, संघाच्या पिचरने, म्हणजे बॉलरने, समोरच्या एकाही बॅटरला धावून पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे पहिल्या टप्प्यापर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही. नऊच्या नऊ इनिंग. संघाच्या इतिहासात असं पुन्हा झालेलं नाही.

"आणि तुम्ही बघितलंत?" मी विचारलं.

"सहा इनिंग बघितल्या. मग उठून गेलो, कारखान्यात शिफ्ट होती. बाकीचं स्टेशनजवळच्या दुकानात रेडिओवर ऐकलं."

त्यानंतर सामना संपेपर्यंत ते कधी जागचे उठलेले नाहीत. मी बाबांना हे मराठीत सांगितलं, तर बाबांनी "अरेरेरे" म्हणत आजोबांच्या हातावर हात ठेवला. या दुःखाला त्यांना भाषांतराची गरज नव्हती.

सामना सुरू झाला. मी म्हटलं, "बाबा, जेवून घ्या." ते म्हणाले, "ही इनिंग होऊ दे." आपल्या पिचरने तिघांना पटापट घरी पाठवलं; बेसबॉलमध्ये तीन आउट म्हणजे इनिंग संपली. पुढच्या इनिंगलाही तेच. तिसरी संपली तेव्हा मी डब्याला हात लावला, तर बाबांनी माझा हात बाजूला केला.

"अगं, झाकण लागलंय तोवर चाललंय. कळतंय का तुला?"

पलीकडे आजोबांचं बोटही कापडाच्या गाठीवर रोवलेलं. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. झालं! एकाला जपानी येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही, आणि करार पक्का. पाचव्या इनिंगपर्यंत आजूबाजूलाही तो कळला होता. मागच्या रांगेतला एक चष्मेवाला ऑफिसातला माणूस विकत आणलेले ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले गरम गोल वडे, तसेच धरून बसला होता, ते गार होऊन त्यांच्यावरचा सॉस वाळला तरी. समोरचा एकही बॅटर अजून बेसवर पोचला नव्हता, पण ते कुणी तोंडातून काढत नव्हतं. तसं बोलायचं नसतं. ढोल वाजायचे, थांबायचे, पुन्हा वाजायचे.

सहावी इनिंग संपली तेव्हा मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढत होते, वारा चांगलाच गार होता. आणि बाबांच्या कपाळावर घाम दिसला.

"बाबा, इन्सुलिन कधी घ्यायचंय?"

"घेतलं."

"कधी?"

"आत येताना. टॉयलेटमध्ये. लगेच जेवायचंच होतं ना."

इंजेक्शन घेऊन हा माणूस इतका वेळ उपाशी बसला होता! मी डबा ओढला. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. "हात लावू नकोस म्हटलं ना!" बाबा माझ्यावर कधीही आवाज चढवत नाहीत. साखर उतरली की माणूस चिडतो, हट्टाला पेटतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवलं आणि मी जास्तच घाबरले. पर्समध्ये एखादी गोड गोळी शोधली. मास्क, पावत्या, लेकीने खाऊन परत ठेवलेले गोळ्यांचे कागद. स्टॉल खाली, जिने उतरून. त्यांना असं सोडून जाऊ कशी?

"बाबा, पाया पडते तुमच्या. एक पुरी खा."

"आणि गेलं तर?"

"जाऊ दे ना मसणात!" मी ओरडले. अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. बाबांची नजर आता माझ्यावर ठरत नव्हती. "सहा झाल्या… सहा झाल्या…" एवढंच पुटपुटत होते.

आजोबांनी विचारलं, "दाइजोबु? ठीक आहेत ना?" माझ्याने रडणं आवरेना. मी कसंबसं सांगितलं: मधुमेह आहे, इंजेक्शन घेतलंय, खाल्लं नाही तर बेशुद्ध पडतील, त्याहून वाईटही होऊ शकतं. आणि तुमचा डबा बंद आहे तोवर ते खाणार नाहीत.

खाली सातवी इनिंग सुरू झाली होती. एक आउट. आजोबांनी एकदा मैदानाकडे बघितलं. पिचर हाताला पावडर लावत होता. त्यांनी बाबांकडे बघितलं. मग गाठ सोडली.

झाकण काढून त्यांनी एक इनारी उचलली, म्हणजे गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, आणि बाबांच्या डोळ्यांसमोर अख्खी तोंडात कोंबली. मोठ्याने चावली. दुसरी बाबांच्या ओठांना लावली. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले, आणि तोंड उघडलं. मग आजोबांनी गोड कॉफीचा कॅन फोडून माझ्या हातात दिला, आणि मी ती घोट घोट बाबांना पाजली. बाबा पक्के शाकाहारी; त्या इनारीत माशाचं पाणी असतं, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

बाबा दुसरा घास गिळत होते तेव्हा खाली खट् असा आवाज झाला. बॉल दुसऱ्या बेसवरून गेला आणि गवतात पडला, आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला.

सगळ्या मैदानातून एकच "आऽऽ" निघालं. मग पिचरसाठी टाळ्या. आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा उठून उभे राहिले, मागच्या रांगेकडे वळले आणि कमरेत वाकले. "सुमिमासेन, माफ करा. मी खाल्लं." चष्मेवालाही उठला, तसाच वाकला, आणि एक गार ताकोयाकी त्याने मुकाट्याने तोंडात टाकला.

बाबांना प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. साखर वर आली, माणूस भानावर आला, आणि मग मी त्यांना असं झाडलं की तिथली नर्स दारापाशी जाऊन उभी राहिली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "आयुष्यभर थांबले होते गं ते," एवढंच म्हणाले आणि डोक्यावरच्या टोपीने डोळे पुसले.

पुढच्या एप्रिलमध्ये बाबा पुण्यातच होते. त्यांच्या हुकमावरून मी त्यांचीच जागा घेतली, पुऱ्या केल्या आणि एकटी जाऊन बसले. शेजारची आजोबांची खुर्ची रिकामी. बाबांचा फोन: "आले का?" नाही. खेळाडू मैदानात उतरले. पुन्हा फोन: "अगं, आले का?" ऐंशीच्या पुढच्या माणसाचं एक वर्ष म्हणजे काय, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

पहिला बॉल पडायच्या जरा आधी आजोबा आले, काठी टेकत, एकेक पायरी उतरत. मला बघून हसले. "ओतोसान?" त्यांनी विचारलं. वडील कसे आहेत? मी फोन दाखवला: उत्तम आहेत, लाइनवरच आहेत.

त्यांनी मान हलवली, मांडीवरची गाठ सोडली आणि झाकण काढून खुर्चीखाली ठेवून दिलं. "आता पहिल्यापासून उघडा," ते म्हणाले. "दर वर्षी."

मी हे फोनवर सांगितलं. पुण्यात साडेदहा वाजले असतील. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"वेडे आहेत का ते! त्यांना म्हणावं, आधी झाकण लावा. मी इथे सकाळी दहालाच जेवून बसलोय."