डावी बाजू कमी येते

झेरॉक्स मशीन उघडण्याआधी टोनर त्याला कान लावायचा. बाजूच्या पत्र्यावर डावा कान टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "सोड शंभर कॉप्या." मी सोडायचो. चाळीस-पन्नास कॉप्या झाल्या की तो डोळे उघडायचा. "खालचा रोलर. बेअरिंग गेलंय." मग पत्रा काढायचा. खालच्याच रोलरचं बेअरिंग गेलेलं असायचं.

मी तेव्हा नुकताच साहित्यात एम.ए. झालो होतो आणि गाइडं छापणाऱ्या एका कचेरीत मुद्रितं तपासत होतो. तो सत्तेचाळीस वर्षांचा. झेरॉक्स मशीनं दुरुस्त करून नखांत बसलेली टोनरची काळी पूड कधी जायची नाही, म्हणून टोनर. खरं नाव पावतीवर असायचं, ते कुणी वाचत नसे. मी त्याला टोनरदादा म्हणायचो. तो मला साहित्यिक म्हणायचा, आणि त्यात कौतुक नव्हतं.

एकदा मशीन तापलं म्हणून तो थांबला होता. त्याने पिशवीतून एक राखाडी, विटेसारखा जाड, हातात धरायचा जुना व्हिडिओ गेम काढला. पोरं तीस वर्षांपूर्वी खेळायची तसला. हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि बटण दाबलं. मला वाटलं, टीं-टीं वाजेल. ऐकू आलं ते असं, की कुणीतरी जिना उतरत होतं, आणि जिना संपत नव्हता. मी हेडफोन काढला.

"हे गेममधलं आहे?"

"हे माझं आहे. गेम नुसता वाजवतो."

त्याने समजावून सांगितलं. यात वाद्य नसतं. त्या मशीनला चारच आवाज येतात. दोन करकरीत, एक घुमणारा, आणि चौथा म्हणजे नुसती खरखर. छोट्या पडद्यावर आकड्यांचे रकाने भरायचे. प्रत्येक आवाज डावीकडे सोडायचा, उजवीकडे, की दोन्हीकडे, तेही आकड्यानेच सांगायचं. तयार गाणं गेमच्या कॅसेटमध्ये राहतं. गाण्याच्या नावाला आठच अक्षरांची जागा. "एम.ए. झालायस ना? मग आठ अक्षरांत सांग," तो म्हणायचा. त्या वर्षी त्याच्या अकरा गाण्यांना मी नावं दिली. माझ्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला.

असं वाजवणारे गावात पाच जण होते. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमायचे. नियम एकच. स्टेजवर कॉम्प्युटर नाही. गेममधून वायर निघेल ती सरळ स्पीकरला. जे काही चुकेल ते सगळ्यांसमोर चुकेल.

टोनर मोठ्या बहिणीकडे राहायचा. ताई घरी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत याचं टेबल. टेबलावर ओळीने सहा गेम, पालथे पाडलेले.

एका रविवारी मी गेलो तर पहिला गेम उघडून ठेवला होता.

"डावी बाजू कमी येते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कपॅसिटर सुकतात. तीस वर्षांचे झाले. माणसंही सुकतात."

त्याने कपॅसिटर बदलला. ऐकलं. मान हलवली. हेडफोनची खाच बदलली. ऐकलं. मग दुसरा गेम लावला. त्याचीही डावी कमी. तिसऱ्याची कमी.

"सगळ्यांना एकदम सर्दी झालीय," तो म्हणाला.

"तुझ्या हाताचा गुण," ताई बाहेरून म्हणाली. "माझ्या मशीनला हात लावू नकोस."

त्याने हेडफोन माझ्याकडे दिला. "तू बघ."

मी ऐकलं. दोन्ही बाजू सारख्या होत्या. मी पुन्हा ऐकलं. सारख्याच.

"कमी आहे?" मी विचारलं.

"येत नाही ऐकू? डावी. स्पष्ट आहे."

तो माझ्याकडे बघत होता. या माणसाला शंभर कॉप्यांत बेअरिंग ऐकू येतं. मला पंख्याचा आवाज आणि पावसाचा आवाज यांतला फरक सांगायला खिडकीबाहेर बघावं लागतं. मी कोण सांगणारा?

"हो," मी म्हणालो. "थोडी कमी आहे."

"तेच तर," तो म्हणाला, आणि चौथा गेम उघडायला घेतला.

महिनाभरात त्याने सहाही गेम उघडले. मग हेडफोन नवा घेतला. मग वायरी. आणि एवढं करूनही डावी कमी, तेव्हा त्याने गाणीच बदलायला घेतली. उजवीकडचा एकेक आवाज उचलून डावीकडे न्यायला लागला. आधी घुमणारा नेला. मग खरखर. आकडे बदलायचा, ऐकायचा, अजून बदलायचा. "आता समान झालं," म्हणायचा. मला सगळं डाव्या भिंतीतून येताना ऐकू यायचं. ते जिना उतरणारं जे कुणी होतं, ते आता एका बाजूला कलून उतरत होतं.

त्या दिवसांत मी आणखीही काही पाहिलं. ते सांगायला हवं.

आमच्या कचेरीत तो आला तेव्हा त्याने मशीनला उजवा कान लावला. मला वाटलं, मान धरली असेल. दोनदा रोलर चुकला. "हल्ली पार्टच बोगस येतात," म्हणाला. दारातून जाताना त्याचा डावा खांदा चौकटीला लागायचा. जिन्यावर कठडा धरायला लागला, आणि म्हणाला, बुटाचा सोल झिजलाय. नवे बूट घेतले. प्रत्येक गोष्टीत बदलण्यासारखा एक पार्ट त्याला सापडायचाच.

ताई तीनदा हाक मारायची, मग खोलीत येऊन उभी राहायची. "बहिरा झालास का रे?"

"डोकं मशीनमध्ये होतं."

"ते तर जन्मल्यापासून आहे."

आम्ही तिघंही हसायचो.

एका रविवारी त्या पाच जणांतला दाताचा डॉक्टर म्हणाला, "काय रे, तुझं सगळं डावीकडूनच येतंय."

"तुझे स्पीकर बघ आधी. दात उपटून उपटून हात जड झालाय तुझा."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी गाण्यांच्या नावांचा कागद वाचत बसलो.

असे आठ महिने गेले.

मग मोठा कार्यक्रम ठरला. नाटकं होतात तसला हॉल, संध्याकाळी सहाची वेळ, बाहेरगावचे वाजवणारेही येणार होते. टोनरने त्यासाठी जिन्याचं गाणंच नव्याने केलं होतं. दुपारी चारला आवाज तपासायला गेलो. हॉलचा साउंडवाला साठीचा होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. टोनरने वायर जोडली, गाणं सुरू केलं. मामांनी मिक्सरवरून मान वर केली.

"उजवा बंद आहे का?"

"उजवा चालू आहे," टोनर म्हणाला. "समान आहे."

"अरे बाबा, उजव्यातून नुसती माशी वाजतेय. सगळं लग्न डावीकडे भरलंय."

"मामा, तुमचे कान तपासा."

"माझे काल तपासले, या मिक्सरवर. तू हेडफोन घाल. घातलास? आता उलटा घाल."

या धंद्यातली ही पहिली परीक्षा आहे. बाजू उलटी केली आणि कमी आवाज दुसऱ्या कानात गेला, तर मशीन खराब; त्याच कानात राहिला, तर मशीन नाही. टोनर प्रत्येक नवशिक्याला हेच सांगायचा. आधी उलटं करून बघ, मग स्क्रू काढ. आठ महिन्यांत त्याने सत्तर-ऐंशी तरी स्क्रू काढले असतील.

त्याने हेडफोन उलटा घातला. गाणं पहिल्यापासून लावलं. मग सरळ घातला. पुन्हा उलटा. रिकाम्या हॉलमध्ये त्या हेडफोनमधून गळणारी बारीक खरखर मला ऐकू येत होती.

तो माझ्याकडे वळला. सगळं अंग वळवून.

"तुला पण डावी कमी येत होती ना?"

मामा माझ्याकडे बघत होते. मला लाज वाटली. कसली, ते आजही सांगता येत नाही. आठ महिन्यांपूर्वीच्या एका होकाराला आता नाही म्हणायचं, तर मधल्या सगळ्या रविवारांचं काय करायचं?

"हो," मी म्हणालो. "येत होती."

"बघा," तो मामांना म्हणाला. "दोघांना कसं येईल?" त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला तो रंग बघवेना.

सहा वाजता हॉल भरला. टोनर तिसरा होता. दोन गेम टेबलावर ठेवून तो उभा राहिला, वाकून सुरुवात केली. आवाज डावीकडून आला. पहिल्या रांगेतल्या एका बाईने डावा कान झाकला. चौथ्या मिनिटाला त्याने मान झटक्यात वर केली, कुणी हाक मारल्यासारखी, आणि तो हळूहळू डावीकडे झुकायला लागला. लोकांना वाटलं, तालावर डोलतोय. तो झुकत गेला. टेबलाची कड पकडायला गेला, त्याचा हात कडेच्या एक वीत अलीकडेच मिटला, आणि तो पडला.

गाणं थांबलं नाही. ते थांबतच नाही. एकदा आकडे भरले की माणूस लागत नाही. तो खाली पडलेला आणि जिना उतरणं चालूच. मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी मुख्य बटण पाडलं तेव्हा कुठे लोकांना कळलं.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी ताईला आणि मला पडद्यासमोर उभं केलं. "कानाच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही, पण जागा वाईट आहे. तोल सांभाळणारी नस शेजारीच आहे, चेहऱ्याची पण. आता मेंदूवर दाब यायला लागलाय."

"ऐकू येईल ना त्याला?" ताईने विचारलं. "त्याचं सगळं कानावर चालतं."

"डाव्या कानाचं कठीण आहे. सहा-आठ महिने आधी आले असते तर गाठ लहान असती. कान वाचवायचा प्रयत्न तरी केला असता."

ऑपरेशन आठ तास चाललं. आम्ही बाकावर बसलो होतो. ताईने कुणाच्या तरी पँटची शिवण उसवायला आणली होती. एकेक टाका ब्लेडने कापत होती.

"तू दर रविवारी त्याच्याशेजारी बसायचास," ती खाली बघत म्हणाली. "मी अडाणी बाई, हसण्यावारी नेलं. तुला कधी काही जाणवलं नाही?"

"नाही, ताई."

तिने मान हलवली. टाके कापत राहिली.

डॉक्टर बाहेर आल्या. जीव वाचला होता. डावा कान गेला होता. चेहऱ्याचं काय होतं ते दोन-तीन महिन्यांनी कळेल, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी आम्हाला भेटू दिलं. डोक्याच्या डाव्या बाजूला जाड पट्टी. तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळलेला. डोळा अर्धाच मिटत होता. दाराजवळची बाजू डावी. ताई तिथल्या खुर्चीत बसली, बोलायला लागली, आणि थांबली. मग खुर्ची उचलून पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेली. मी दाराजवळच्या बाजूलाच, पलंगाशी उभा राहिलो.

ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. जेवण, टाके, मामा येऊन गेले. तो तिच्याकडे तोंड करून ऐकत होता. मला त्याचा गाल आणि पट्टी दिसत होती. मी वाकलो आणि त्या पट्टीपाशी बोललो.

"टोनरदादा, डावी कमी नव्हती. त्या पहिल्या दिवशी सुद्धा नव्हती. मला दोन्ही सारख्या ऐकू आल्या होत्या. मी खोटं बोललो. हॉलमध्ये पण."

तो हलला नाही. पण ताईने वर पाहिलं. पलंगाची रुंदी ती काय असते. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, इतका वेळ की टोनरला ते कळलं. त्याने डोळे फिरवून मला शोधलं. ओठ नीट हलत नव्हते.

"काय म्हणतोय साहित्यिक?"

ताईने त्याची चादर सारखी केली.

"काही नाही," ती म्हणाली. "लवकर बरा हो, म्हणतोय."