पुढच्या शाफ्टच्या शोधात वसई

माणूस आणि डोंगर यांच्यामध्ये शेवटी यंत्रच उभं राहतं. आमच्या बाबतीत ते तीन आठवडे वसईजवळच्या वालीवला उभं होतं.

यंत्र म्हणजे वीस वर्षांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप. जव्हारच्या पलीकडे एका टेकडीवर माझे थोरले बंधू, दादा, काजूची बाग सांभाळत एकटे राहतात. वर जाणारी वाट लाल मातीची आणि उभ्या चढाची. गेल्या पावसाळ्यात त्यांचा गुडघा सुजला, तेव्हा चार माणसांनी त्यांना झोळीत घालून खाली आणलं. तिसऱ्या वळणावर माणसं दोनदा घसरली. झोळीतून दादा सूचना देत होते. पुन्हा झोळीत बसणार नाही, असं त्यांनी नंतर जाहीर केलं. टेकडी सोडून माझ्याकडे नाशिकला येणार नाही, असंही. तेव्हा चारही चाकं ओढणारी गाडी घेणं मला भाग पडलं. पाचूबंदरच्या पास्कूदादा नावाच्या मासळीवाल्याची ही पिकअप मी वालीवच्या एका गॅरेजमार्फत घेतली आणि चढासाठी तयार करायला तिथेच सोडली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ती आणायला निघालो. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला होता.

वालीव हे पत्र्याच्या शेडचं गाव आहे. इथे खिळ्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत काहीही बनतं आणि ते सगळं एकाच वेळी ठोकलं जातं. गॅरेजचा मालक सनी मला हाताला धरून गाडीपाशी घेऊन गेला. गाडी मी ओळखली नाही. पुढे चकचकीत जाड नळ्यांचा बुलबार, टपावर सहा दिवे, खिडकीशेजारून वर गेलेली काळी सोंड. सगळा डोलारा चार इंच उचललेला. आत बसायला मला दांडीला लोंबकळावं लागलं.

"सर, गाडी नाही ही, बीस्ट आहे आता! ही सोंड म्हणजे स्नॉर्कल, इंजिनला वरून हवा. छातीभर पाण्यातून आरामात निघेल."

"आमच्या टेकडीवर पाणी नाही," मी म्हणालो. "उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो."

"ॲडव्हेंचर कधी सांगून येतं का, सर?"

शेडच्या मागे मुरमाचा ढीग होता. मी फोर-व्हीलचा लिव्हर ओढला, समोर हिरवा दिवा लागला आणि गाडी ढिगावर घातली. मागची चाकं जागच्या जागी फिरून मुरूम उडवू लागली. पुढची दोन्ही अगदी शांत होती, पाहुण्यांसारखी.

शेवटी वर्तमानपत्र अंथरून मी गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत एक लोखंडी दांडा यायला हवा; त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात आणि पुढची चाकं त्याच्यामुळेच ओढतात. तो तिथे नव्हता. तिथे वालीवची हवा होती.

"हां, शाफ्ट," सनी खाली वाकून म्हणाला. "तो काढलेलाच होता. मला वाटलं, तुम्हाला माहितीये. सगळेच काढतात, सर. ॲव्हरेज वाढतं ना."

तीन आठवडे हा माणूस या गाडीखाली झोपला होता. सहा दिवे लावताना त्याला काही वाटलं नाही. लिव्हर आहे, हिरवा दिवा लागतो आणि मधे काहीच नाही, अशी सार्वजनिक कामं मी नाशिकला पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या उद्‌घाटनाला हारही घातले आहेत. पण स्वतः विकत घेतलेलं असं पहिलंच. नवा शाफ्ट मिळेना, कारण हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. सनीने भंगारवाल्यांना चार फोन केले आणि म्हणाला, "पास्कूदादालाच विचारा ना."

रेल्वेच्या पुलावरून पश्चिमेला उतरलो, वसईचा किल्ला ओलांडला आणि पाचूबंदरला आलो. होड्या किनाऱ्यावर ओढून घेण्याची घाई चालली होती. गल्ल्या अरुंद, आणि दोन्ही बाजूंना काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. माझ्या टपावरच्या दिव्यांनी त्यातली एक दोरी अलगद उचलली. मला हे कळलं ते मागून ओरडा झाला तेव्हा.

"ओ साहेब! म्हावरं (मासळी) घेऊन कुठं चालले? लग्नाला हाय का तोरण?"

ओरडणाऱ्या बाई पुढे आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून थांबल्या. "ही तर आमचीच गाडी! हिला शिंगं कोनी लावली?"

या नतालबाय, पास्कूदादांच्या पत्नी. त्यांनी बोंबील सोडवले, मोजून घेतले आणि मग चहा दिला. पास्कूदादा जाळं गुंडाळता गुंडाळता माझी तक्रार ऐकत होते.

"शाफ्ट मीच काढला. दहा वर्सं झाली. पुढच्या चाकांना काय काम? मागची ढकलतात ना!"

"पण विकताना सांगायचं होतं, पास्कूदादा."

"तुमी विचारलं नाय. हॉर्न वाजवला, टायरला लाथ मारली, सीट दाबून बघितली. खाली वाकले नाय."

"वाकायला पायजे होतं," नतालबाय म्हणाल्या. "आमच्याकडं लोक पापलेट घेतात तरी कल्ला उघडून बघतात."

फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांवर मी महिनाभर वाचत होतो, टिपणं काढत होतो. हे त्यांना सांगितलं नाही. शाफ्ट आहे कुठे, एवढंच विचारलं.

"गिरीजला. हरेश्वरकाकांच्या वाडीत मासळीचं खत टाकायला जायचो. त्यांना दांडा पायजे होता, दिला."

गिरीजची वाडी म्हणजे आपल्याकडची चार घरांची वाडी नव्हे. ही केळी-नारळाची बाग. सावली इतकी दाट की मोटारीची तापलेली काच निवली. हरेश्वरकाका सत्तरीचे, बनियनवर. त्यांनी मला शेडमध्ये नेऊन शाफ्ट दाखवला. आढ्याला दोन तारांनी आडवा टांगलेला, दोन्ही टोकांचे सांधे तेलकट गोणपाटात बांधलेले, आणि त्यावर दोन लोंगर (केळीचे घड) पिकत लटकलेले. गाडीत असता तर तो एव्हाना गंजून गेला असता.

"नेशील तो, बाबा. पण माझे लोंगर काय तुझ्या खांद्यावर टांगू?" काका म्हणाले.

मी दादांच्या झोळीची हकीकत सांगितली. काकांनी ती मान डोलावत ऐकली आणि म्हणाले, "ते खरं. पण लोंगर?"

मी शेडबाहेर पाहिलं. उन्हात बुलबार चमकत होता.

पाना काकांकडेच होता. तासाभरात बुलबार आढ्याला टांगला गेला. त्यावर लोंगर चार मावतात, आणि वालीव सोडल्यापासून त्या वस्तूचा हा पहिलाच उपयोग. काका इतके खूश झाले की त्यांनी सुकेळीची (वाळवलेल्या पिक्या केळ्यांची) पुडी दिली. मधासारखा तो रंग आणि चिवट गोडी. करणारी घरं आता थोडीच उरली आहेत, असं ते म्हणाले. मी एकच खाल्लं. बाकीची दादांसाठी ठेवली.

वालीवला परत आल्यावर सनीने शाफ्ट जोडला. त्याच्या एका टोकाला आत-बाहेर सरकणारा भाग असतो, म्हणूनच तो पुरला. गाडी अजून बोटभर उचलली असती, तर पुरला नसता.

"आता ही चार इंच खाली घे," मी म्हणालो.

"सर! मग लूकच जाईल," सनी खरोखर दुखावला. त्याला आठवडा लागणार होता, आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. मी तसाच निघालो.

विक्रमगड ओलांडताना वळवाची एक जोरदार सर येऊन गेली. टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा वाट लाल लोण्यासारखी झाली होती. लिव्हर ओढला. हिरवा दिवा लागला. त्याच्यावर माझा आता विश्वास नव्हता. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर, जिथे झोळी घसरली होती, मागची चाकं भिरभिरली. मग पुढून कुणीतरी हात धरून ओढावं तशी गाडी वर गेली.

दादा अंगणात उभे होते. त्यांनी चष्मा लावला, आधी वाकून गाडीखाली पाहिलं. मग पुडीतलं एक सुकेळं खाल्लं आणि म्हणाले, "चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

मी दार उघडलं. सीट त्यांच्या छातीशी आली. त्यांनी दांडी धरली, चांगला पाय उचलला, ठेवला. दुखरा गुडघा मात्र वर येईना. मी मागून रेटून पाहिलं. डोंगरावर पोचायला माणसाने काय काय शोधलं, याचा विचार मी त्या दिवसांत खूप केला होता. दादा घरात गेले आणि स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आले.

ते स्टूल आता गाडीतच असतं.