गिरिजाचा एकुलता एक अर्ज

फुजैराच्या बंदराबाहेर जहाजं इंधन घ्यायला थांबतात. घेतलेलं इंधन बरोबर भरलं की नाही, हे मोजायचं काम आमचं. आम्ही चौघे सर्व्हेयर, मालक कॅप्टन इद्रीस काझी, मूळ दाभोळचे, आणि आमचे सगळे रिपोर्ट टाइप करणारी गिरिजा पेडणेकर. वय सव्वीस. शाळा अल ऐनला झालेली, बी.ए. पुण्याला मावशीकडे राहून केलेलं. वडील वसंतराव अल ऐनच्या एका हॉस्पिटलात एसी प्लान्ट सांभाळायचे. गिरिजा आठवडाभर फुजैरात एका बाईंकडे खोली घेऊन राहायची आणि शुक्रवार घरी काढायची.

२००१च्या नोव्हेंबरात एका मालवाहू जहाजाच्या टाक्या मी मोजल्या. पितळी वजन लावलेली टेप टाकीत सोडायची, तेल किती खोल आहे ते वाचायचं आणि त्या टाकीच्या तक्त्यात बघून टन काढायचे. जहाजाच्या नोंदीपेक्षा बावीस टन कमी आले. मधल्या कुठल्यातरी बंदरात चीफ इंजिनियरनं तेल विकलं, असा आरोप झाला आणि जहाजाच्या कंपनीनं त्याला जहाजावरून उतरवलं. केरळचा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. तीन दिवस तो आमच्या ऑफिसच्या सोफ्यावर बसून होता. चहा दिला तर घ्यायचा, बोलायचा नाही.

तिसऱ्या दिवशी गिरिजा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"धनंजयदादा, हा तक्ता याच जहाजाचा आहे ना?"

मी जरा चिडलोच. फाइल त्याच जहाजावरून आणली होती, दुसऱ्या कुणाचा असणार? तिनं पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात शिपयार्डचा नंबर होता, शेवटी बेचाळीस. जहाजाच्या सर्टिफिकेटवर एक्केचाळीस. एकाच यार्डात पाठोपाठ बांधलेली दोन जुळी जहाजं, आणि माझ्या हातात दुसऱ्याचा तक्ता. कंपनीच्या ऑफिसनंच चुकीची फाइल जहाजावर पाठवली होती. पण नंबर जुळवून बघणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. खरा तक्ता मागवला तेव्हा तूट अर्ध्या टनाचीही निघाली नाही. चीफ इंजिनियर आठवड्यानं पुन्हा जहाजावर चढला.

या प्रकरणासाठी दुबईहून एक इंग्रज वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी गिरिजाला विचारलं, तू लॉ कुठे केलंस? केलंच नाही म्हटल्यावर त्या हसल्या नाहीत. समुद्री कायदा चांगला शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या एका लॉ स्कूलचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं.

तिथून गिरिजा बदललीच. लंच टाइमला डबा एका हातानं खायची आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. प्रवेश परीक्षेत तर्काची कोडी असतात, सात माणसं सात खुर्च्यांवर कशी बसतील वगैरे. ती आम्हालाही घालायची. कॅप्टन एकदा पाऊण तास सात माणसं बसवत राहिले आणि बाहेर जहाजाचा एजंट ताटकळत होता. जूनमध्ये दुबईला परीक्षा दिली, एकशे ऐंशीपैकी मार्क आले एकशे अठ्ठावन्न. ऑक्टोबरमध्ये पुन्हा दिली, एकशे सहासष्ट. आम्ही पेढे मागितले. तीच म्हणाली, खलास झालेलं नाही अजून, ते लोक दोन्हींची सरासरी धरतात.

सरासरी एकशे बासष्ट. त्या स्कूलमध्ये घेतलेल्या मुलांच्या मानानं मधल्यापेक्षा किंचित खाली. मग तिनं थेट तिथल्या ॲडमिशन ऑफिसला फोन लावला, आमच्या संध्याकाळी म्हणजे त्यांच्या सकाळी. फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तिथे अर्ली डिसिजन नावाची एक सोय होती. पंधरा नोव्हेंबरच्या आत अर्ज करायचा आणि सही करून लिहून द्यायचं, की तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याकडेच येईन, बाकी सगळे अर्ज मागे घेईन. असे अर्ज थोडे येतात, ते आधी वाचले जातात, आणि ही मुलगी नक्की येणार हे त्यांना ठाऊक असतं. तिच्यासारख्या काठावरच्या माणसाला एवढ्यानंही फरक पडू शकतो. निकाल डिसेंबरअखेर.

त्या शुक्रवारी घरी काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे दुसरं स्थळ बघायचंच नाही? एकालाच होकार? तिच्या आईला, शोभनाताईंना, हे बरं वाटलं. त्या म्हणाल्या, मन एका ठिकाणी राहतं. पण वसंतरावांना फीची काळजी होती. दुसरीकडे स्कॉलरशिप मिळाली तरी तिकडे जाता येणार नव्हतं. त्यांनी फीचे दिरहम केले, मग रुपये करायला लागले आणि मध्येच थांबले. धाकटा कुणाल म्हणाला, "बाबा, जस्ट लेट हर गो." वसंतरावांनी आकड्यांचा कागद बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, तुला तिथलंच पाहिजे ना, की सगळे म्हणतात म्हणून? तिथलंच, ती म्हणाली. मग कर सही, ते म्हणाले, लोनचं मी बघतो.

आता राहिली दोन शिफारसपत्रं. एक पुण्याच्या प्राध्यापकांनी पाठवलं. दुसरं कॅप्टननी लिहिलं आणि मला वाचायला दिलं. हार्डवर्किंग, सिन्सिअर, वक्तशीर. मी म्हटलं, कॅप्टन, हे आपण ड्रायव्हरलाही लिहून देतो. ते वैतागले. "मग काय लिहू? तिनं जे केलं ते लिहायचं तर तुझी चूक लिहावी लागेल. उद्या एखाद्या क्लायंटच्या हाती पडलं तर?"

गिरिजानं स्वतःच्या निबंधातही ते लिहिलं नव्हतं. न्याय, समाज असं बरंच मोठं मोठं लिहिलं होतं. माझं नाव वाचवायला तिनं स्वतःची सगळ्यात चांगली गोष्टच बाजूला ठेवली होती. मी दोन दिवस काढले. सर्व्हेयरचं सगळं त्याच्या नावावर चालतं, हे मला ठाऊक होतं. पण तो सोफ्यावर बसलेला माणूस डोळ्यांसमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवर बसलो आणि लिहिलं, की त्या दिवशी तक्ता मी चुकीचा वापरला, बाकी कुणीही तो तपासला नाही, एकट्या या मुलीनं तपासला. माझं पत्र जादा म्हणून चालत होतं. कागद कॅप्टनना दाखवला. ते दोनदा वाचून म्हणाले, "यल्ला, चल, पाठव." मग स्वतःचं पत्रही त्यांनी फाडलं आणि नव्यानं लिहिलं.

गिरिजाला मी म्हटलं, आता तुझा निबंध बदल. ती नको नको म्हणत होती. मी पत्र दाखवलं. तिनं ते पुरतं वाचलं, मग ती खुर्ची ओढून टाइप करायला बसली, आणि दोन तासांत निबंध पुरा केला. त्यात न्याय हा शब्द एकदाही नव्हता. पितळी वजन होतं, पानाच्या तळाचे दोन आकडे होते, सोफा होता. अकरा नोव्हेंबरला पाकीट कुरियरनं गेलं.

डिसेंबर आम्ही कसा काढला, विचारू नका. ती दर तासाला मेल उघडायची. कॅप्टन रोज इन्शाल्ला म्हणायचे आणि रोज इंटरनेटला शिव्या द्यायचे, कारण लाइन सारखी तुटायची. एकोणीस तारखेला सकाळी मी लाँचवरून परतलो तर गिरिजा ऑफिसच्या दारात उभी, हातात प्रिंट. तिनं कागद माझ्यापुढे धरला. पहिल्याच ओळीत होतं, घेतलं. कॅप्टननी आतून ओरडून विचारलं काय झालं, आणि त्यांना काय झालं ते कळल्यावर एवढा मोठा माणूस टेबलाला वळसा घालून धावत आला. शेजारच्या ऑफिसातला पठाण गडबड ऐकून आला आणि कारण न विचारताच सगळ्यांशी हात मिळवून गेला. दुपारी वसंतराव अल ऐनहून गाडी काढून आले, अंगावर हॉस्पिटलचा निळा ओव्हरऑल तसाच. त्यांनी तो प्रिंट घडी करून खिशात घातला आणि तो परत काही दिला नाही.

ऑगस्ट २००३मध्ये ती गेली. दुसऱ्याच आठवड्यात तिचा ऑफिसला फोन आला. तिथे सर वर्गात कुणालाही नावानं उठवतात आणि प्रश्नांवर प्रश्न विचारतात. त्या दिवशी पहिलं नाव तिचं निघालं होतं. वीस मिनिटं प्रश्नांची सरबत्ती. दोन उत्तरं चुकली, बाकीची बरोबर, आणि एका प्रश्नाला तिनं उलट त्यांनाच प्रश्न विचारला. आम्ही चौघे स्पीकरफोनभोवती उभे होतो. ती श्वास न घेता सांगत होती, खटला काय होता, सर काय म्हणाले, मग ती काय म्हणाली, आणि सरांनी चष्मा काढून तिच्याकडे कसं पाहिलं, हे सांगता सांगता तिच्या कॉलिंग कार्डातले पैसे संपले आणि फोन तुटला.