कूलरमधली पिल्लं

होळी आली की आमच्याकडे कूलर काढायचा सोहळा असतो. आठ महिने तो मागच्या व्हरांड्यात जुन्या चादरीखाली पडून राहतो. माझे यजमान शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या कामाला कोणाला हात लावू देत नाहीत. मला मात्र पाना दे, फडकं दे, म्हणून दहा वेळा उठवतात. त्या वर्षी हा सोहळा लांबत लांबत एप्रिलवर गेला. त्यांनी एका बाजूची जाळी काढली आणि तिथूनच ओरडले, "अवं, इकडं ये लवकर. कोणीतरी कूलरमंदी बाळंतीण होऊन गेली!"

कोरड्या टाकीत दोन पिल्लं होती, एक करडं आणि एक पांढरं. कुंपणावरून येणारी भटकी मांजर त्यांची आई, हे आम्हाला ठाऊक होतं. जाळी पुन्हा लावली आणि तिची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी शेजारीण सांगत आली की ती रस्त्यावर गाडीखाली गेली. पिल्लं ओरडून ओरडून थकली होती. मी ओढणीत गुंडाळून त्यांना घरात आणलं.

घरात आधीच दोन मांजरी होत्या. धाकटी आपणहून आली आणि राहिली. थोरली मात्र आमच्या मुलीची. सातवीत असताना दप्तरातून घरी आणलेली. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिथल्या भाड्याच्या खोलीत मांजर चालेना. निघताना बॅग ऑटोत ठेवली आणि मला म्हणाली, "आई, थोरलीले सांभाळजो." तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न थोरली जेवली का, हाच. माझ्या जेवणाची चौकशी त्यानंतर. मी यावरून तिला चिडवायची, पण मला ते आवडायचं.

पिल्लांना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घरच्या मांजरींना लसीच्या सुया दिल्यात का?" धाकटीला दिली होती. थोरली बारा वर्षांची, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नव्हती, तिला कशाला हवी सुई, असं म्हणत मी वर्षानुवर्षं टाळलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाहेरच्या पिल्लांना रोग असू शकतो, पंधरा दिवस त्यांना वेगळ्या खोलीत ठेवा, ताटली वेगळी, फडकं वेगळं. मी मान हलवली.

आमच्याकडे वेगळी खोली म्हणजे मागची, टिनाच्या छपराची. आणि कूलर एकच, समोरच्या खोलीत. उन्हाळ्यात त्या एका खोलीतच आमचा सगळा संसार असतो. जेवण तिथंच, झोप तिथंच, मांजरीही तिथंच. पाच दिवस मी मागच्या खोलीत ओले टॉवेल टांगले, पाण्याचं घमेलं ठेवलं. सहाव्या दिवशी ऑफिसातून दुपारी लवकर आले तर दोन्ही पिल्लं तोंड उघडून धापा टाकत होती. मी त्यांना उचललं आणि समोरच्या खोलीत आणलं.

"डॉक्टरनं पंधरा दिवस म्हनलं होतं ना?" हे म्हणाले.

"अन् तोपर्यंत भाजून मरू देऊ का त्याइले?" मी म्हटलं. त्यांनीच मग कूलरसमोर जुनी चादर अंथरली. खरं तर त्यांच्याही जिवाला लागलं होतं.

थोरली आधी फिसकारली आणि कपाटावर चढून बसली. दोन दिवस खाली आली नाही. तिसऱ्या दिवशी उतरली, कूलरसमोर झोपलेल्या करड्या पिल्लाजवळ गेली आणि त्याचं तोंड चाटू लागली. डोळे, कान, सगळं चाटून काढलं. मला भरून आलं. पटकन मोबाइल काढून फोटो घेतला आणि मुलीला पाठवला. तिचा लगेच फोन, "आई, माही थोरली पाह्य किती गुणाची हाये!" त्या दिवशी मी फार खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी करडं पिल्लू उलट्या करू लागलं, त्यानंतरच्या सकाळी गेलं. आठवडाही झाला नसेल, थोरलीनं दुधाला तोंड लावलं नाही. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला एवढंच विचारलं, "वेगळं ठेवलं नव्हतं का?" चार दिवस सलाईन लावायला ऑटोनं नेलं, आणलं. पाचव्या दिवशी ती माझ्या मांडीवर गेली. ह्यांनी लिंबाखाली खड्डा खणला. "मी म्हटलं होतं," असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला निदान भांडता आलं असतं.

मुलीला फोनवर सांगितलं, "म्हातारी झाली होती गं. झोपेतच गेली." ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, "आई, तू लय केलं तिच्यासाठी." मी फोन ह्यांच्या हातात दिला.

पांढरं पिल्लू वाचलं. त्याच्यावर मी राग धरून पाहिला, पण तो टिकला नाही. त्याचा काय दोष? दार मी उघडलं होतं.

दिवाळीला मुलगी आली. आता मोठी झालेली पांढरी तिच्या मांडीवर जाऊन बसली, तशी मुलीनं आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. उघडल्या उघडल्या तोच फोटो. थोरली डोळे मिटून करड्या पिल्लाचं तोंड चाटते आहे.

"माह्याजवळचा तिचा शेवटचा फोटो हाये हा," ती म्हणाली. "किती खुश दिसते ना, आई?"

हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"हो," मी म्हटलं.