गाडी बंद पडेपर्यंत

चारुदत्तकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या मुलीच्या बुटांमुळे. १९९० सालची गोष्ट. दुबईत ऊद मेथाला मी शिकवत असे ती शाळा होती. शाळा सुटताना फाटकाबाहेर गाड्यांची इतकी गर्दी व्हायची की हॉर्नशिवाय काही ऐकू येत नसे. त्या गर्दीत भिंतीच्या सावलीला एक पांढरी क्रेसिडा गाडी उभी होती. दार उघडं धरून एक सडपातळ माणूस उभा होता आणि त्याच्यासमोर माझ्या वर्गातली ईश्वरी एक बूट दुसऱ्यावर आपटत होती.

"अजून एकदा," तो म्हणाला.

"बाबा, इट्स क्लीन नाऊ!"

"वाळू आहे ती. आत गेली की निघत नाही."

तिनं पुन्हा बूट आपटले, मग तिला आत बसायला मिळालं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर तो ओशाळला. "टोयोटा आहे, बाई," एवढंच म्हणाला. त्याच्या मते त्यात सगळं आलं होतं.

तो मूळचा इचलकरंजीचा. दुबईच्या देरा भागात जपानी गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, तिथे तो काउंटरवर असे. गिऱ्हाईक मल्याळी असो, पठाण असो की अरब, "चारुभाई कुठाय?" असं विचारतच आत यायचं. दुकानात टोयोटाची गिऱ्हाइकं सगळ्यात कमी, असं तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. "मोडतच नाहीत, तर पार्ट कशाला लागतील? मालक माझ्यावर चिडतो, जसा काही मीच त्या बनवतो."

त्याच्या वडिलांचे, आप्पांचे, यंत्रमाग होते. म्हणून असेल, पण ह्या कंपनीचा इतिहास तो घरचा असल्यासारखा सांगायचा. कुणाच्याही घरी जेवायला गेला की ताक येईपर्यंत विषय तिथे पोचलेला असे.

"गाड्या नंतर आल्या, बाई. आधी माग. कंपनीचा मूळ पुरुष म्हणजे सुताराचा मुलगा. त्यानं असा माग केला, की धागा तुटला की माग आपोआप थांबणार. आमच्याकडे धागा तुटला तरी माग आपला खटाखट चालूच. हातभर कापड वाया गेलं की आप्पांची शिवी ऐकू यायची, तेव्हा कामगाराला कळायचं. त्यानं मागालाच अक्कल दिली. ते हक्क विलायतेतल्या कंपनीला विकले आणि त्या पैशातून मुलानं मोटारींचं काम सुरू केलं."

आडनाव टोयोडा, पण गाडीचं नाव टोयोटा, कारण जपानीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ आकडा शुभ. सुरुवातीचे ट्रक रस्त्यात बंद पडायचे. अमेरिकेत पहिली गाडी नेली तर ती चढावर दमली. हे अपयशाचे भाग तो जास्त रंगवून सांगायचा. "लाज वाटली, परत गेले, सुधारून आले," हे त्याचं ठरलेलं शेवटचं वाक्य.

"आणि आता ह्यांच्या जिवावर बसलेत," असं त्याची बायको शोभना म्हणायची. शोभना तोंडानं फटकळ, पण मायाळू. कार्पेटवरची वाळू, गाडीत खायला बंदी, दार हळू लावायचं, ह्या सगळ्याला ती 'सवतीचे नियम' म्हणे.

१९९३ साली चारुदत्तच्या आईला अर्धांगाचा झटका आला. धाकट्या भावाचं लग्न व्हायचं होतं, घरात बाईमाणूस नव्हतं. शोभनानं ईश्वरीला घेऊन इचलकरंजीला जायचं ठरलं. जाण्याआधी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. माझे यजमान वासुदेव बँकेत होते. चारुदत्तवर त्यांचा जीव होता, आणि त्याची थट्टा करण्यावर त्याहून जास्त.

"मी मागोमाग येतोच. एकच वर्ष," चारुदत्त म्हणाला.

"तुमचं एक वर्ष मला माहीत आहे," शोभना म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हाही एकच वर्ष होतं. तारीख नको, तारीख तुम्ही पुढे ढकलता. तुमच्या हातात नाही असं काहीतरी सांगा."

त्यानं थोडा विचार केला. "गाडी," तो म्हणाला. "ही गाडी ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी खलास. दुसरी घ्यायची नाही. तिकीट काढून सरळ घरी."

शोभनाला हसूच आलं. "दिला शब्द? बाई, तुम्ही साक्षीला. आमच्या वडिलांची गाडी महिन्यातून एकदा बैल जोडून घरी आणावी लागायची. ही घेतली तीच जुनी. काढेल फार तर दोन दिवाळ्या."

"वहिनी, फसलात," वासुदेव म्हणाले. "त्यापेक्षा ह्याच्या तब्येतीवर ठरवायचं. ती तरी लवकर बिघडेल."

सगळे हसले. चारुदत्त ताटातल्या भातावर वरण ओढून घेत राहिला. आपण काय बोललो हे त्या टेबलावर त्या एकट्याला कळलं होतं, असं मला पुष्कळ नंतर वाटलं.

त्यानंतर तो शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे जेवायला येऊ लागला. सकाळी गाडी धुवायची, वेळ झाली असेल तर तेल बदलायचं, आणि नखांत काळी रेघ घेऊन आमच्याकडे यायचं. गुरुवारी संध्याकाळी तो घरी फोन करत असे. फोनवर शोभना आईच्या औषधांचं सांगायची, ईश्वरीच्या मार्कांचं सांगायची आणि शेवटी विचारायची, "गाडी काय म्हणते?" घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी तसं. तो म्हणायचा, "बरी आहे," आणि दोघं हसायचे. हे मला तोच सांगायचा.

दोन दिवाळ्या गेल्या, मग आणखी दोन. गाडी दर वर्षी तपासणीला जायची आणि पास होऊन यायची.

"तेल का बदलतोस रे?" वासुदेवांनी एकदा त्याला विचारलं. "बायकोकडे जायचंय ना?"

"मुद्दाम बिघडवणं बरं नाही, वासुदेवराव. शब्द तसा नव्हता."

तो गेल्यावर वासुदेव मला म्हणाले, "त्याला जायचंय का, हे कुणीतरी त्याला विचारायला हवं."

ते मी विचारलं नाही, पण उत्तर मिळालं. १९९७ मध्ये त्याची आई गेली. तो दिवसकार्य करून परत आला आणि आमच्या सोफ्याच्या कडेवर बसून राहिला. भावानं आप्पांचे माग भंगारात काढले होते. "वजन करून नेले, बाई. मी उभा होतो तिथेच. शेड भाड्यानं दिली. आता तिथे जाऊन मी करू काय? सकाळी उठून बसू कुठे? इथे निदान चार माणसं नाव घेऊन विचारत येतात."

"शोभना विचारते ना?" मी म्हटलं.

"विचारते," तो म्हणाला. "गाडीचं विचारते."

आई गेल्यावर शोभनाला तिथे अडकून राहायचं कारण उरलं नव्हतं. पण ईश्वरीची शाळा तिथे रुळली होती. शोभनानं शिवणाचे क्लास काढले होते, त्याला बऱ्याच मुली येत. पुन्हा दुबई नको असं तिचं म्हणणं पडलं. मग तोच जाणार, गाडी बंद पडली की.

दोन हजार साली एका शुक्रवारी तो जेवायला आला आणि आमटी तशीच ठेवून म्हणाला, "बाई, शोभना हल्ली गाडीचं विचारत नाही."

"विसरली असेल."

"आधी मलाही तसंच वाटलं. म्हणून काल मीच सांगितलं, गाडी बरी आहे म्हणून. तर म्हणाली, 'हो का?' आणि मिक्सर बिघडलाय ते सांगायला लागली."

त्या दिवसापासून त्यानं तेल बदलणं सोडलं, गाडी धुणं सोडलं. काचेवरच्या धुळीत पोरांनी बोटानं चित्रं काढली, ती तशीच राहिली. तपासणीच्या आधी गाडी बघायला नेली तेव्हा इद्रीस नावाच्या मेकॅनिकनं तेलाची पट्टी बाहेर काढून त्याच्या नाकासमोर धरली. "चारुभाई, ये तेल नहीं, डामर है. फिर भी चल रही है. हबीबी, ये आपको दफना के जाएगी." हे सांगताना चारुदत्तनं इद्रीसची नक्कल केली. वासुदेव हसले, तो हसला नाही.

"अहो, गाडीला सोडा की इथेच आणि जा," मी म्हटलं.

"शब्द दिलाय, बाई."

"शब्द येण्याचा दिलाय. गाडीचा नाही."



२००१ च्या जूनमध्ये मी निवृत्त झाले. परत जाण्याआधी एकदा पलीकडचा समुद्र बघायचा म्हणून आम्ही तिघं शुक्रवारी त्याच्याच गाडीनं खोर फक्कानला निघालो. ऊन असं होतं की रस्ता पाण्यासारखा हलत होता. मसाफीच्या पुढे डोंगर लागले. चढावर दोन-तीन गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या होत्या, माणसं डोक्यावर टॉवेल घेऊन बाजूला बसली होती. चढावर इंजिन तापू नये म्हणून लोक एसी बंद करतात, चारुदत्तनं तो पूर्ण सोडला होता, आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा तापमानाच्या काट्याकडे जात होती. काटा मधोमध होता. माथ्यावर पोचलो तरी तो तिथेच होता. मागून मला आरशात त्याचे डोळे दिसत होते. परीक्षेचा पेपर कोरा ठेवून बसलेल्या मुलाचे असतात तसे.

खोर फक्कानला समुद्रकाठी त्यानं गाडी लावली. इंजिन बंद करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो बसून राहिला.

"ही काही मला जाऊ देत नाही, बाई," तो म्हणाला. मग एकदम दार उघडून उतरला. काठावर कार्डाच्या फोनचं एक बूथ होतं, तिकडे गेला.

आम्ही खजुराच्या झाडाखाली उभे राहिलो. तिथून त्याचं बोलणं ऐकू येत होतं, कारण लांबच्या फोनवर तो नेहमी मोठ्यानं बोलायचा. "शोभना, मी येतो. नाही, बंद नाही पडली, चालू आहे. तरी येतो. कायमचा. ऐक ना..." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "हो. हो. बरोबर आहे. ठेवतो."

परत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. वासुदेवांनी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"चिडली नाही," तो म्हणाला. "चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आता इथे सगळ्यांना सवय झाली आहे. ईश्वरी सांगलीला हॉस्टेलवर, सकाळ-संध्याकाळ क्लासच्या मुली असतात घरात. तुम्ही येऊन दिवसभर कुठे बसाल? गाडी चांगली आहे ना, मग राहा." तो पाणी प्याला. "आणि म्हणाली, तेल वेळेवर बदलत जा."

वासुदेव समुद्राकडे तोंड करून उभे होते. बंदरात एक मोठं जहाज कंटेनर उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता.

"आमच्या शेडमधलंच झालं हे," चारुदत्त थोड्या वेळानं म्हणाला. "धागा कधी तुटला ते कळलंच नाही. आणि मी आपला खटाखट चालू."

परतताना मसाफीच्या बाजारात वासुदेवांनी एक कलिंगड घेतलं. वीस दिरहॅम ऐकून सवयीनं म्हणाले, "अडीचशे रुपयाला एक!" कुणी हसलं नाही. चढ आला, उतार आला, गाडी एका लयीत चालत राहिली. आम्हाला दारात सोडून त्यानं कलिंगड वर आणून दिलं आणि चहाही न घेता गेला. पुढच्या शुक्रवारी तो आला तेव्हा त्याच्या नखांत काळी रेघ होती.

आम्ही पुण्याला येऊन आता तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी ईश्वरीचं लग्न झालं, आम्ही इचलकरंजीला गेलो होतो. शोभना सगळीकडे धावत होती, तिच्या क्लासच्या मुली पंगतीत वाढत होत्या. चारुदत्त नवा सफारी घालून पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसला होता. भटजींनी कन्यादानाला बोलावलं तेव्हा उठला, पाणी सोडलं आणि पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसला. मला म्हणाला, "बाई, परवाचं विमान आहे." शोभनानं त्याच्यासाठी चकल्यांचा डबा भरून ठेवला होता. आणि झाकणावर, तो विसरू नये म्हणून, त्याचं नाव लिहिलं होतं.

दुबईतली भाडी वाढल्यामुळे सध्या तो शारजात एका खोलीत दुसऱ्या एका माणसाबरोबर राहतो. देऱ्यातल्या त्याच दुकानात आहे आणि क्रेसिडानंच कामावर जातो.