मागं बसलेला माणूस

यासीनभाई गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी सकाळच्या बॅचला निघालो होतो. बायकोनं गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरात खालीच बसली... एका गॅरेजवाल्यासाठी आमच्या घरचा स्वयंपाक थांबेल, असं वीस वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं, तर मी हसलो असतो.

ओळख झाली ती माझ्या फजितीतून. मी लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. वर्तुळाकार गती शिकवावी तर मीच, अशी माझी ख्याती. आणि बायकोला मोटरसायकलवर माहेरी, किल्लारीला नेताना औशाजवळच्या वळणावर तिच्यासकट झुडपात गेलो तोही मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! हाडं शाबूत राहिली, पण बायकोनं बजावलं, "आता यष्टीनं जाईन. तुमच्या मागं बसणार न्हाई." गाडी दुरुस्तीला नेली तर यासीनभाई म्हणाले, "सर, गाडी करतो नीट. पर चालवणाराबी नीट करावा लागंल. चार रविवार या. फी पडंल."

वळायला शिकायची फी! मी भडकलोच. ते हात पुसत म्हणाले, "लेकराच्या मार्कासाठी आख्खा जिल्हा तुमाला फी देतो. जिवासाठी द्यायला जड जायलंय व्हय?" मुकाट्यानं फी भरली.

रविवारी धान्याच्या मोंढ्यातल्या मोकळ्या पटांगणात मी गोल गोल फिरायचो आणि ते मधे उभे राहून ओरडायचे, "वेग वळणाच्या आधी उतरवा! आन् मान वळवा, सर! ज्याला भ्यायलाव, त्याच्याकडंच बघायलाव तुमी. जायचंय कुठं, तिकडं बघा." चौथ्या रविवारी त्यांनी हट्टानं बायकोला बोलावलं. ती बसली, पण तोंड चालूच होतं.

त्याच हिवाळ्यात किल्लारीच्या वाटेवर, ऐन वळणात उसाची ट्रॉली आमच्या बाजूला आली. मला ट्रॉलीशिवाय काही दिसेना. मग मान वळवली, कडेला उरलेल्या पट्टीभर रस्त्याकडे पाहिलं आणि गाडी तिथूनच गेली. बायकोनं माझा खांदा सोडला तो थेट माहेरच्या दारात.

परतल्यावर आम्ही दोघं पेढे घेऊन गॅरेजवर गेलो. सगळं ऐकून ते खाली बसले. म्हणाले, "भूकंपाच्या दिवशी मी एका डाक्टरला मागं बसवून किल्लारीला निघालो हुतो. वळणावर खड्ड्याकडं बघत ऱ्हायलो, गेलो खड्ड्यात. डाक्टरचा पाय मोडला... तिकडं माणसं वाट बघायली हुती, सर. माझ्या मागचा माणूस पोचला न्हाई." त्या दिवशी त्याच गावात ढिगाऱ्यापाशी बसून राहिलेल्या माझ्या बायकोनं पुडा सोडला. मग तिनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "भाई, मी पोचले."

तेव्हापासून कुठंही गेलो तरी चपला काढण्याआधी ती त्यांना फोन करायची. "भाई, पोचलो." ते "बरं" म्हणून ठेवून द्यायचे. बोलणं संपलं.

महागड्या गाड्या घेतलेले माझे जुने विद्यार्थी आता विचारतात, "सर, वळण शिकायला कुणी पैसे घालवतं का?" मी विचारतो, "मागं कोण बसतं?" यासीनभाईंचे उपकार मला कुठल्याच फीनं फिटले नाहीत, हे त्यांना कसं सांगू?

यासीनभाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर आम्ही उदगीरला मेहुणीकडे गेलो. दारात उतरताच बायकोनं सवयीनं फोन लावला. मी अडवणार, तोवर त्यांच्या मुलानं उचलला.

"पोचलो," ती म्हणाली.

"बरं," पोरगा म्हणाला. पण फोन त्यानं ठेवला नाही.