आक्काला दिलेलं ऊन

आमच्या खाडीकाठच्या गावात दुखण्याला दोनच औषधं. मीठ आणि ऊन. कंबर धरली, मीठ. गुडघा आखडला, मीठ. बाळंतिणीची पाठ असो की म्हाताऱ्याचे पाय, उपाय एकच. मिठागरातलं जाडं मीठ खापरावर तापवायचं, धडप्यात बांधून दुखऱ्या जागी आवळायचं आणि माणसाला भर दुपारी बांधावर, मिठाच्या राशीपाशी नेऊन बसवायचं. खालून मीठ तापतं, वरून ऊन. माणूस घामाने निथळला की दुखणं गेलं म्हणायचं. आणि जायचंही हो. माझ्या बापाची कंबर दरसाल याच शेकाने सुटायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. औषध अगदीच खोटं असतं, तर आमची आक्का कदाचित वाचली असती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला कल्याणला दिली होती, भातशेतीच्या घरात. नवरा गलबतावर, पावसाळ्यापुरता घरी. ठाण्याहून भरतीला होडी सोडली की पाण्याच्या ओढीनेच कल्याण येतं. आगगाडी कधीच सुरू झाली होती, पण आमच्या माणसांचा पाय आधी होडीतच पडायचा.

त्या साली दिवाळी झाल्यावर तिचा दीर तिला माहेरी घेऊन आला. ती एकटीच. कडेवर पोर नाही. तिची मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती, आईवाचून क्षणभर राहत नसे. होडी लागली तरी आक्का उठेना. शेवटी दिराने आणि होडीवाल्याने मिळून तिला उचलून काठावर ठेवलं. लग्नाआधी ओहोटीच्या चिखलातून माझ्यापुढे धावणारी माझी बहीण ती.

बसली की तिला उठता येत नव्हतं. हात आधी जमिनीवर टेकायचे, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, अशी स्वतःच्याच अंगावर चढत ती उभी राहायची. हात डोक्यापर्यंत जात नसत, तिचे केस मी विंचरायची. पापण्या सुजलेल्या आणि जांभळ्या, नुकतंच रडल्यासारख्या. हाताच्या बोटांवर, एकेका सांध्यावर लाल खवले. आई म्हणाली, डोळे मिठाने जळलेत. आगरात राबणाऱ्या आमच्या सगळ्या बायांचे डोळे त्या पांढऱ्या चमकीने लालच असत. पण आक्काने लग्न झाल्यापासून आगरात पाय ठेवला नव्हता, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

दीर ओटीवर पाणी प्यायला. मग भांड्यातच बघत म्हणाला, "आये म्हनते, पोरीला आमी सांभालतो. हिनं डोक्यावर हंडा घेऊन घरात पानी आनलं, का न्यायला येतो."

सासू दुष्ट नव्हती. हे आज म्हणते, तेव्हा मी तिला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. बोटांवरचे खवले बघून तिला महारोगाचा संशय आला होता. नातीला लागेल म्हणून तिने पोर काढून घेतली, आणि खरं कारण तोंडाने काढवेना म्हणून हंड्याचं निमित्त केलं. पण आक्काने ते निमित्त खरं धरलं. हंडा उचलला की पोर मिळणार, एवढंच तिला माहीत.

मग शेक सुरू झाला. मांड्यांना, खांद्यांना तापलेलं मीठ बांधून आई तिला रोज बांधावर बसवायची. मला तिच्या शेजारी ठेवायची, कलंडली तर धरायला. थोड्याच दिवसांत तिचा गळा, पाठ, खांदे लालभडक झाले. मी घाबरले. आई मात्र खूश. "बघ गो, इख बाहेर पडतंय," म्हणाली. विष बाहेर पडतंय म्हटल्यावर कोण थांबतंय? आणखी मीठ, आणखी ऊन. ढगाळ दिवशी आक्का स्वतःच चुळबुळ करायची. आज शेक बुडाला म्हणजे पोरगी एक दिवस लांब गेली, असा तिचा हिशेब. तिला हात जोडून सांगावंसं वाटतं, बये, ऊठ तिथून. पण आता सांगून काय उपयोग.

मांड्या बारीक झाल्या. जखम नाही, गाठ नाही, ताप येऊन जाऊन. आतून कोण खात होतं कळत नव्हतं. कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कुणावर करायची?

बापाने हट्टच धरला म्हणून आई तिला बैलगाडीत घालून ठाण्याला नौपाड्याच्या बाजूला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेले. डॉक्टर आपल्यातलेच, मराठी बोलणारे. त्यांनी आक्काची बोटं उलटसुलट पाहिली, टाचणी टोचली. आक्का कळवळली. डॉक्टर म्हणाले, "बाई, हा महारोग नव्हे. त्यात टोचलेलं कळत नाही." त्या महिन्यांत आक्का हसलेली मी तेवढी एकदाच पाहिली. बोट चोखत हसत होती.

मग त्यांनी आईला विचारलं, "तुमच्या घरात आणखी कुणाला असलं काही? सांधे वाकडे होणं, थंडीत बोटं पांढरी पडणं, कातडी आवळणं?"

आता ऐका. माझ्या आजीची बोटं सांध्यांत वाकून पार मुडपली होती, तिला घास दुसऱ्याने भरवावा लागे. दिवा गावात दिलेल्या माझ्या मावशीची बोटं पौषातल्या पहाटे मेणासारखी पांढरी पडत, मग निळी, आणि हातांची कातडी अशी ताणलेली की मूठ मिटत नसे. दोघीही आईच्याच रक्ताच्या. आणि आई म्हणाली, "नाय दादा. आमच्या घरान्यात काय पन नाय."

बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. घराणं रोगी आहे म्हटल्यावर आमच्यात पोरीला कोण करून घेतं? एक पोर हातची चाललीच होती, दुसरी तरी खपावी म्हणून ती खोटं बोलली. मला तिचा राग येतो आणि त्याच वेळी कीवही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

डॉक्टरांनी टाचणी पुसून ठेवली. म्हणाले, "मी अशी घरं पाहिली आहेत. एकीचे सांधे, दुसरीची कातडी, तिसरीच्या अंगातलं बळ. दुखणी निरनिराळी दिसतात, पण मला ती एकमेकींच्या नात्यातली वाटतात. का, ते ठाऊक नाही. औषध माझ्याकडे नाही. एवढंच करा, हिला उन्हात नेऊ नका. पदर असतो तिथे कातडी बरी आहे, उघडी राहते तिथेच पेटली आहे, बघा."

आईने मान डोलावली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "ऊन नको म्हने. मंग काय कालोखात पुरू पोरीला? ह्याला आगर काय ठावं." दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का पुन्हा बांधावर. आई खरं बोलली असती तरी डॉक्टरांच्या कपाटातून काही निघणार नव्हतं, हे मी मनाला कितीदा समजावलंय. पण निदान ते ऊन तरी टळलं असतं.

शिमग्याला कल्याणहून निरोप आला, पोरीला घेऊन येतो. महारोग नाही म्हणाले डॉक्टर, हे बापाने कळवलं होतंच. उरला फक्त हंडा. सासू आमच्याकडे आली त्या दिवशी आईने सगळ्यात लहान कळशी काढली आणि तीही अर्धीच भरली. विहिरीवर शेजारणींनी आक्काच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर कळशी. तिचा हात कळशीपर्यंत पोचत नव्हता, म्हणून ती तशीच, हात न लावता निघाली. मान थरथरत होती. मी मागून दोन्ही हात पुढे धरून चालत होते. वाटेतल्या बायका बाजूला सरून उभ्या राहिल्या.

आणि ती अंगणात पोचली. खरंच पोचली. सासू ओटीवर नातीला कडेवर घेऊन उभी होती, तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "आली गो माझी बाय," म्हणाली आणि पोरीला खाली सोडलं. "जा, आयेकडं जा."

पोर लाजली, मग धावली. आक्काच्या समोर येऊन तिने दोन्ही हात वर केले. "घे," म्हणाली.

आईने झटकन कळशी उतरवून घेतली. आक्काचे हात कमरेपर्यंत आले आणि तिथेच राहिले. वाकली असती तर तोंडावर पडली असती, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. पोरीला कसं माहीत असणार? ती हात वर करून उभी. पुन्हा म्हणाली, घे. मी पुढे होऊन तिला उचलून आक्काला द्यायला गेले, तर तिने माझ्या हातावर चापट मारली, मागे पळाली आणि आजीच्या लुगड्यात तोंड लपवलं. सासूने डोळे पुसले. जेवूनच जा म्हणून आईने विनवलं, पण भरती टळेल म्हणाली. आक्काला न्यायचं नाव न काढता, नातीला घेऊन ती होडीत बसली.

त्यानंतर आक्काने बांधावर जायचं सोडलं. "ऊन नको आता," एवढंच म्हणाली. चैत्रात घास गिळेनासा झाला, पेज नाकातून परत यायची. बोलणंही नाकातून, मलाच कळायचं. मी तोंडापाशी कान नेला की एकच. "तिला वाटलं असंल, आयेनं घेतलं नाय." पावसाआधी आगरातलं मीठ उचलत होते, तेव्हा ती गेली.

माझं लग्न डोंबिवलीच्या घरात झालं. सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी दुखण्यांचं विचारलं आणि आई तेच म्हणाली. भाची कल्याणलाच वाढली, कुणाच्या लग्नाकार्यात दिसायची तेवढीच. गेल्या पौषात ती माझ्याकडे चार दिवस राहायला आली. आता तिच्याही कडेवर पोर आहे. सकाळी चुलीपुढे तिने शेकायला हात धरले, तर बोटं टोकापासून पांढरी. माझी तशी होऊ लागली त्याला बरीच वर्षं झाली.

हात शेकता शेकता ती म्हणाली, "मावशी, आईचं मला एकच आठवतं. अंगणात उभी होती. मी घे म्हटलं, तिनं घेतलं नाही."

मी तिला सगळं सांगितलं. हंडा, मीठ, बांध, डॉक्टर, ती शेवटी काय म्हणायची ते. ती ऐकत होती, मधेमधे मान हलवत होती. मग पोर रडायला लागलं, तिने उचलून मांडीवर घेतलं.

"असंल," म्हणाली. "पन जराशी वाकली तरी असती."